बैठक क्रमांकाच्या जागी

“बाई, ती शिडी पडणार.”

मी फळ्याकडे तोंड करून उभी होते. वळून बघितलं, तर बोलणारं कुणी दिसेना. आठ विद्यार्थी वह्यांत डोकी खुपसून बसलेले. मग शेवटच्या बाकाखाली दोन पाय दिसले आणि तिथूनच तो आवाज पुन्हा आला... शांत, थोडा खरखरीत.

“फळ्यावरची शिडी म्हणतोय मी. शंभरातून छत्तीस गेले की चौसष्ट उरतात. तुम्ही चौऱ्याहत्तर लिहिलेत. दहा फुटांची शिडी भिंतीपासून सहा फुटांवर ठेवली, तर ती आठ फुटांवर टेकते. तुमची साडेआठाच्या वर गेलीय. पडणार.”

वर्ग खो खो हसला. मी लाल झाले. खरं सांगायचं तर गणित हा माझा प्रांतच नाही, मी भाषा शिकवते. गणिताचे मास्तर महिन्यापूर्वी सोडून गेले होते. आपण कुणाला शिकवतोय हे त्यांना तिसऱ्या आठवड्यात कळलं आणि लगेच त्यांच्या बायकोची तब्येत बिघडली. सभ्य माणसांच्या बायकांच्या तब्येती फार नाजूक असतात.

“तुम्हाला बाक दुरुस्त करायला बोलावलंय की मला?” मी विचारलं.

“बाक झाला दुरुस्त,” म्हणत तो बाहेर आला. “तुमचं... बघू.”

कानामागे पेन्सिल. भुवयांवर लाकडाचा भुसा. आणि डोळे... डोळ्यांचं नंतर सांगते. तेव्हा मी रागात होते.

आमचा वर्ग एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत भरतो. सकाळी साडेसहा ते साडेआठ, कारण नंतर सगळ्यांना कामावर जायचं असतं. खालून इस्त्रीची वाफ येते, स्टार्चचा वास येतो, आणि थंडीच्या दिवसांत फरशी आयती गरम मिळते. इथं येतात ती माणसं तुरुंगातून सुटलेली असतात. त्यांना कॉलेजात जायचं असतं. अर्ज, प्रवेशपरीक्षा, निबंध, शिफारसपत्र, सगळं मी करून घेते.

का, असं लोक विचारतात. माझा दादा दोन वर्षांची शिक्षा भोगून आला तेव्हा त्यानं कॉलेजचा अर्ज भरला होता. पहिल्याच पानावर चौकट होती: ‘आपणांस कधी शिक्षा झाली आहे काय? होय / नाही.’ त्यानं खरं ते लिहिलं. अर्ज आठ दिवसांत परत आला. दादानं पुन्हा कधी पुस्तक हातात धरलं नाही. ती चौकट अर्जावरून काढून टाकायला मला तीन वर्षं लागली. किती दारं ठोठावली आणि किती जणांनी ‘बघतो’ म्हणून सांगितलं, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण आता आमच्या शहरातलं कॉलेज पहिल्या पानावर तो प्रश्न विचारत नाही.

तर, सुतार. मोडके बाक तीन होते. त्याला नऊ दिवस लागले.

“अहो बाई,” त्याच्या वर्कशॉपच्या मालकाचा फोन आला, “तीन बाकांना नऊ दिवस? तेवढ्यात जहाज होतं. माझा सुतार परत पाठवा.”

“काम बारीक आहे,” मी म्हणाले.

“बारीक आहे का गोड आहे?” मालक म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

नवव्या दिवशी वर्ग सुटल्यावर तो जिना उतरेना. रंधा पिशवीत घातला, परत काढला, परत घातला.

“हे सगळे... आतून आलेले ना?”

मी त्याच्याकडे बघितलं. बाहेरची माणसं ‘तुरुंग’ म्हणतात, ‘जेल’ म्हणतात. नुसतं ‘आत’ म्हणतो, तो तिथं राहिलेला असतो.

“किती वर्षं?” मी विचारलं.

“सात.” मग मी न विचारताच तो बोलत गेला. आमच्याकडे कशासाठी ते कुणी विचारत नाही. “कारखान्यात भांडण झालं. मी हातोडी मारली. माणूस वाचला, पण त्याचा उजवा हात गेला. तोही सुतारच होता.” तो थांबला. “सांगून ठेवतो. नंतर कळण्यापेक्षा बरं.”

“नंतर म्हणजे कशानंतर?”

“म्हणजे... शिकायला लागल्यानंतर,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

आता डोळ्यांचं सांगते. ते समोरच्या माणसाकडून काही मागत नव्हते. दया नाही, माफी नाही, सूटही नाही. नुसते बघत होते, नीट, लाकडाचा कस बघावा तसे. मला माझ्या बाह्यांवरची खडूची पूड झटकावीशी वाटली.

बारावी त्यानं आतच केली होती. त्याला गणित घेऊन पदवी करायची होती. गणितात तो वाघ होता, भाषेत मात्र शेळी. आम्ही करार केला: तो वर्गाला गणित शिकवेल आणि मी त्याची भाषेची तयारी करून घेईन.

निबंध लिहायला सांगितला, ‘माझा आवडता ऋतू’. त्यानं वही दिली. आत एकच ओळ होती: ‘ज्यात खिडकी उघडी ठेवता येते तो.’

“दोनशे शब्द हवेत,” मी म्हणाले.

“बाकीच्या शब्दांत काय लिहायचं?”

“पानं, फुलं, वारा...”

“ती खिडकीतून येतीलच की.”

मला भयंकर राग आला. ओळ चांगली होती म्हणून जास्तच.

आमच्या भिंतीवर तीन नियम लिहिलेत, माझ्याच हातानं. उशीर चालणार नाही. रडगाणं चालणार नाही. आणि तिसरा: शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात शिकण्यापलीकडे काही नाही. तिसऱ्या नियमाला हसतात सगळे. हसोत बापडे. ज्याच्या सहीवर दुसऱ्याचं नशीब लटकलेलं असतं, त्यानं त्या दुसऱ्याला डोळा मारायचा नसतो. हा प्रकार मी शिकले त्या ठिकाणी बघितलेला आहे, आणि मला त्याची किळस आहे.

सुतारानं तो नियम एकदा सावकाश वाचला.

“पक्क्या रंगात लिहिलाय?”

“अगदी पक्क्या.”

“पक्का रंगही खरवडता येतो मला. धंदाच आहे.”

“हात लावून तर बघा.”

“नाही लावणार,” तो म्हणाला. हसत नव्हता. “प्रवेश मिळाला की मी तुमचा विद्यार्थी राहणार नाही. तोवर नियम तुमचा.”

“आणि मग?”

“मग चहाला चला म्हणेन.”

“एवढंच?”

“निबंधासारखं आहे ते. मी कमीच लिहितो.”

मागच्या बाकावर आमचे काका बसले होते. वय एकसष्ट, वर्गातले सर्वांत थोरले. ते वहीत बघत गंभीरपणे म्हणाले, “बाई, मला कानानं कमी ऐकू येतं. तुमचं चालू द्या.”

घरी आईचे कान मात्र तिखट होते, आणि डोळे त्याहून. आई चाळीस वर्षं इस्पितळात परिचारिका होती. तिला कपड्यांवरून माणसाचा दिवस वाचता येतो.

“हल्ली घरात भुसा कुठून येतो गं?”

“वर्गातून.”

“वर्गातून खडूची पूड येते. हा भुसा आहे. सागाचा.” तिनं माझ्या खांद्यावरचा एक कण चिमटीत धरला. “नाव काय भुशाचं?”

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, हातोडीसकट. आई बराच वेळ कणीक मळत राहिली.

“ज्याचा हात गेला, त्याचं पुढं काय झालं, ते विचारलंस का?”

मी विचारलं नव्हतं. तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी सुटलेल्या माणसांसाठी भांडतेय आणि हा एक प्रश्न मला सुचला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं. तो म्हणाला, “दर वर्षी पत्र लिहितो त्याला. उत्तर येत नाही. न येणंच बरोबर आहे. लिहिणं माझ्याकडे आहे, म्हणून लिहितो.” मी आईला तसंच सांगितलं. आई “हं” म्हणाली. आईच्या ‘हं’मध्ये होकार नसतो, पण दारही बंद नसतं.

आठ महिन्यांनी, परीक्षेच्या दिवशी, मी सगळ्यांना सोडायला कॉलेजच्या फाटकापर्यंत गेले. सुतारानं नवा शर्ट घातला होता, पांढरा, खालच्या लाँड्रीतून कडक इस्त्री केलेला. हॉलतिकीट दोन्ही हातांत धरलेलं, जणू ते उडून जाणार होतं. घंटा झाली. तो निघाला... आणि मला दिसलं, की त्याची कॉलर मागच्या बाजूला दुमडून राहिलीय.

“थांबा.”

मी हात पुढे केला आणि कॉलर सरळ केली. दोन सेकंद लागले असतील. माझी बोटं त्याच्या मानेला लागली. तो दगडासारखा उभा राहिला. मग आत गेला.

मी माझ्याच हाताकडे बघत राहिले. तिसरा नियम माझा, आणि तो मोडणारीही मीच...

निकाल तीन आठवड्यांनी लागला. काका पास. वर्गातले आणखी चौघे पास. आणि बैठक क्रमांक २०६ पुढे एकच शब्द: गैरहजर.

गैरहजर? मी त्याला स्वतः आत जाताना बघितलं होतं! तडक कॉलेज गाठलं. खिडकीवरचा कारकून माझं तोंड बघूनच मागे सरकला.

“बाई, ओरडू नका. हजेरीच्या कागदावर सही आहे त्यांची. पण दोनशे सहा नंबरचा पेपरच नाही. एक बेवारस पेपर आलाय, त्यावर भलताच नंबर आहे. चार हजार चारशे सतरा. आमच्याकडे इतकी मुलं तरी होती का परीक्षेला?”

“मग तोच त्याचा असेल!”

“असेल की. पण गैरहजर लागलेले आणखी दोघेजण तो आपलाच आहे म्हणतायत.” कारकून हळू आवाजात म्हणाला, “पेपर चांगला आहे म्हणतात.”

पेपरवर नाव लिहायचं नसतं. तपासणाऱ्यानं तोंड बघून गुण देऊ नयेत म्हणून. फक्त नंबर.

मी वर्कशॉपवर गेले. तो दाराच्या चौकटीवर रंधा मारत होता. “पेपरवर चव्वेचाळीस सतरा आहे,” मी म्हणाले, आणि रंधा मधेच थांबला. लाकडावर अर्धी साल वळून उभी राहिली.

“तो माझा आहे,” तो म्हणाला.

“कसला नंबर आहे तो?”

“माझा. आतला.” त्यानं रंधा खाली ठेवला. “सात वर्षं कुठल्याही कागदावर आधी तोच लिहायचा. पत्र, औषधाची चिठ्ठी, ग्रंथालयाचं कार्ड. बारावीचे सगळे पेपर मी त्याच नंबरावर लिहिले. हात... हातानं लिहून टाकला.”

“आणि डोकं कुठं होतं तुमचं?” मी ओरडलेच. “तीस वेळा सांगितलं होतं, आधी नंबर तपासा, मग प्रश्न वाचा! पहिली पाच मिनिटं लक्ष कुठं होतं?”

त्यानं ती अर्धी साल खुडून टाकली.

“कुठं होतं?”

“फाटकाशी,” तो म्हणाला. “तुम्ही कॉलर सरळ केलीत. सात वर्षं अंगाला कुणाचा हात लागला असेल, तर तो झडतीपुरता. मी बाकावर बसलो, कागद समोर आला, पण मान अजून फाटकाशीच होती. त्यात हात एकटाच लिहीत होता.”

खाली बसले मी, लाकडाच्या ढिगावर. त्याचं वर्ष माझ्या दोन बोटांनी घालवलं होतं.

“रडगाणं नाही,” तो म्हणाला. “दुसरा नियम.”

“मी रडत नाहीये. विचार करतेय.” आणि विचार मला पटकन सुचला. “लिहून देऊ, की हा वर्कशॉपचा नंबर आहे. घाईत पत्ता लिहिला. दारावर चव्वेचाळीस सतराची पाटी लावायची. तुम्ही सुतार आहात, तासाभरात होईल!”

तो हसला, पहिल्यांदाच मोकळा हसला. “बाई, तुम्ही आत कशा नाही गेलात अजून?”

“मी गंमत करत नाहीये.”

“ठाऊक आहे. पण त्या नंबरासोबत माझं नाव एकाच कागदावर आहे. सुटकेच्या दाखल्यावर. तो दाखवला की बाकीच्या दोघांचं तोंड बंद.”

“तो दाखवायचा नाही!” मी उठले. “तेवढ्यासाठी मी तीन वर्षं भांडलेय. तुम्हाला कुणी विचारू नये म्हणून.”

“कुणी विचारू नये म्हणून भांडलात,” तो म्हणाला. “मी सांगू नये म्हणून नाही. विचारलं असतं तर झडती झाली असती. मी आपण होऊन सांगतोय. फरक आहे.”

मी पाटीचा हट्ट सोडला. आयुष्यात असं फार वेळा होत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला आम्ही कॉलेजच्या रजिस्ट्रारसमोर उभे होतो. रजिस्ट्रार एक बाई होत्या. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. बेवारस पेपर समोर. त्याच्या शेजारी सुतारानं घडी उलगडून सुटकेचा दाखला ठेवला.

त्यांनी तो वाचला. वरपासून खालपर्यंत, कलमासकट. मग परत वाचला.

“पेपर यांचा आहे,” त्या म्हणाल्या. “यात शंका उरली नाही. हा तपासायला आत्ता पाठवते. पण आता हा कागद माझ्यासमोर आला आहे, आणि समोर आलेला कागद मी न बघितल्यासारखा करू शकत नाही. नियम असा, की सुटकेनंतर निदान सहा महिने ओळखणाऱ्या व्यक्तीचं आचरणाबद्दल पत्र हवं. प्रवेशाची यादी आज चारला बंद होते.”

“मी देते,” मी म्हणाले. “आत्ता देते.” ज्यांचं आतलं कुठून तरी बाहेर आलं होतं, त्यांच्यासाठी अशी अकरा पत्रं मी आधी दिली होती.

त्यांनी छापील नमुना पुढे सरकवला. मी भराभर भरला. ओळख किती दिवसांची, कोणत्या नात्यानं, वर्तणूक कशी. आणि मग खालची ओळ. अकरा वेळा सही करून जिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं ती ओळ: ‘अर्जदाराशी माझा संबंध केवळ शैक्षणिक असून त्यात माझा कोणताही वैयक्तिक हितसंबंध नाही.’

पेन कागदाला टेकलेलं होतं. सही केली की झालं. त्याला प्रवेश, मला मोकळीक, आणि तिसऱ्या नियमाचं ओझं संध्याकाळपर्यंत खलास. कुणाला कळणार होतं? पण मला कळलं होतं. आणि उद्या दुसऱ्या कुणाला कळलं, तर माझ्या आधीच्या अकरा सह्या खोट्या ठरणार होत्या. काकांच्या पत्रावर सही माझीच होती.

मी पेन खाली ठेवलं.

“मला यावर सही करता येणार नाही.”

सुतारानं झटकन माझ्याकडे पाहिलं. रजिस्ट्रारनी चष्मा काढला.

“का? हितसंबंध आहे?”

“आहे.”

“कोणत्या स्वरूपाचा?”

“हा माणूस मला आवडतो.”

मी एरवी वर्गात निबंध सांगताना दहा वेळा अडखळते. तेव्हा एकदाही अडखळले नाही.

“यांना हे माहीत आहे?” रजिस्ट्रारनी विचारलं.

“आत्ता कळलं.”

“अंदाज होता,” सुतार म्हणाला.

“तुम्हाला विचारलेलं नाही,” रजिस्ट्रार म्हणाल्या. त्यांनी माझा नमुना उचलला, मधोमध फाडला, टोपलीत टाकला आणि कोरा नमुना समोर ठेवला. “मग दुसरं कुणी आणा. तीन वाजून वीस मिनिटं झालीत.”

बाहेरच्या व्हरांड्यात येऊन मी मालकाला फोन लावला.

“काय हो बाई, आता काय बाक उडाले का?”

“तुमच्या सुताराचं कॉलेज अडलंय. चाळीस मिनिटांत येऊन तो कसा माणूस आहे ते लिहून द्यायचं. या.”

“कॉलेजात गेला तर माझं काम कोण करणार?”

“तेही लिहा,” मी म्हणाले. “पण या.”

व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही दोघं बसलो. मधे एका माणसाची जागा मोकळी. समोर नोटीसबोर्डावर कागद फडफडत होते.

“सही करायला हवी होती तुम्ही,” तो म्हणाला.

“तुम्ही पाटी रंगवायला हवी होती.”

तो हसला. मग गंभीर झाला. “मालक आला नाही, तर वर्ष गेलं. पुढच्या वर्षी परत तुमच्याच वर्गात...”

“माझ्या नाही. पुढच्या वर्षी तुम्हाला दुसरं कुणी शिकवेल, मी बघते. तुमची माझ्याकडची शाळा आज सुटली. प्रवेश मिळो, न मिळो.”

“पण मी ठरवलं होतं... आधी प्रवेश, मग पदवी, मग तुमच्यासमोर उभं राहायला तोंड...”

“ऐका,” मी म्हणाले. भयंकर चिडले होते मी. “पदवी तुमची. ती तुम्ही तुमच्यासाठी घ्यायची. मी काही पदवीबरोबर मिळणारं बक्षीस नाहीये. मला जो माणूस आवडतो, तो आत्ता इथं बसलाय, नापास-गैरहजर जसा असेल तसा. त्याला माझ्याकडे बघायला दाखला लागत नाही.”

तो बघत राहिला. मग मधली मोकळी जागा त्यानं हळूच ओलांडली... पूर्ण नाही, अर्धी. उरलेली अर्धी मी ओलांडली.

“तू असंच भांडणार का नेहमी?” त्यानं विचारलं. ‘तू’ म्हणताना आवाज किंचित हलला.

“रोज.”

“सकाळी साडेसहापासून?”

“त्याच्याही आधीपासून. उठल्या उठल्या.”

चारला अकरा मिनिटं असताना मालक जिना चढून आला. अंगभर भुसा, बोटांना लाकूड चिकटवायचा सरस, श्वास वर-खाली. “गाडी पंक्चर झाली,” म्हणाला. “धावत आलोय. पळवलंत या वयात.” आत गेल्यावर त्यानं रजिस्ट्रारांसमोर उभ्या उभ्याच लिहिलं. मी वाकून वाचलं: ‘दोन वर्षं माझ्याकडे आहे. आठच्या ठोक्याला येतो. मोजल्याशिवाय कापत नाही. कामगारांची भांडणं होतात तेव्हा मधे पडून हत्यारं आधी बाजूला ठेवतो. हा गेला तर माझं नुकसान आहे, म्हणून खरं लिहितोय.’

“‘मोजल्याशिवाय कापत नाही’ हे आचरणात बसतं का?” रजिस्ट्रारनी विचारलं.

“आमच्या धंद्यात त्यालाच आचरण म्हणतात, मॅडम.”

त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला की मला भास झाला, सांगता येत नाही. शिपाई तपासलेला पेपर घेऊन आला. त्यांनी आकडे बघितले.

“गणितात एकही गुण गेलेला नाही. भाषेत काठावर. निबंध फारच लहान आहे.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “शिकवणाऱ्यांनी लक्ष द्यायला हवं होतं.”

“लक्ष होतं,” मी म्हणाले. “हातभर जास्तच होतं.”

भिंतीवरच्या घड्याळात चारला दोन मिनिटं कमी असताना त्यांनी यादीच्या शेवटी त्याचं नाव लिहिलं. पूर्ण नाव. नंबर नाही. शिक्का मारला. मालक मागे वळून डोळे पुसत होता आणि “सरस गेला डोळ्यात” असं सांगत होता.

“पाचच्या आत दोन फोटो आणून द्या, ओळखपत्राला,” रजिस्ट्रार म्हणाल्या. “फोटो नसेल तर प्रवेश पक्का होत नाही.”

फीच्या खिडकीवरच अर्धा तास गेला, म्हणून आम्ही धावलो. चौक ओलांडला, एका हातगाडीला धडकता धडकता वाचलो. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याचं दुकान म्हणजे दीड माणसाची जागा. निळा पडदा, स्टूल, दोन दिवे. फोटोवाला मान न वर करताच म्हणाला, “बसा. हनुवटी खाली. दात दाखवायचे नाहीत, ओळखपत्राला चालत नाहीत.”

तो स्टुलावर बसला. मी फोटोवाल्याच्या मागे, दाराला टेकून उभी. त्यानं मान सरळ केली, ओठ मिटले, कॅमेऱ्याकडे बघितलं. मग कॅमेऱ्याच्या वर, माझ्याकडे. आणि हसू फुटलंच.

“साहेब, तोंड मिटा.”

मिटलं. एक, दोन... पुन्हा फुटलं.

“काय चाललंय?” फोटोवाला वैतागला. “आजवर हसवायला जीव जायचा माझा, हे पहिलंच गिऱ्हाईक हसू थांबत नाही असं! घाई आहे म्हणता ना?”

“फार घाई आहे,” सुतार म्हणाला, आणि पुन्हा हसला.

याआधी, आत जाताना, त्याचा असा समोरून फोटो काढला होता, तेव्हा त्याला हसू नको म्हणून कुणाला सांगावं लागलं नसेल. दुसरा नियम मी मनातल्या मनात तीनदा म्हटला.

फोटोवाल्यानं मागे वळून मला खालून वरपर्यंत बघितलं आणि त्याला सगळं कळलं.

“ताई, मेहरबानी करून जरा बाहेर उभ्या राहा. तुमच्याकडे बघूनच हसतायत ते.”

घड्याळात पाचला बावीस मिनिटं होती. कॉलेज सात मिनिटांवर.

“नाही,” मी म्हणाले. “असाच काढा.”